लाखेवरची नांगी

पाकीट दुसऱ्यांदा परत आलं, तेव्हा कोबिनामामा पोस्टापासून घरापर्यंत भर उन्हात छत्री न उघडता चालत आले. घराण्याचा कर्ता पुरुष, खांद्यावरून सोडलेलं जाड रेशमी वस्त्र, आणि छत्री बगलेत मिटलेली. एवढ्यावरूनच गल्लीतल्या बायकांनी ओळखलं की आजही कुठंतरी घोडं पेंड खातंय.

अंगणात सगळे वाट बघत होते. उजव्या बाकावर थोरलं घर, म्हणजे मामांची बहीण मान्सामावशी आणि तिचा मुलगा एकाऊ, जो केप कोस्टला शिकून आल्यापासून घामाच्या धारा लागल्या तरी कॉलर काढत नसे. डाव्या बाकावर धाकटं घर, म्हणजे अराबा ओतुवा आणि तिचा मावसभाऊ क्वामेना. एसी अन्साबा पणजीच्या दोन मुली, त्यांची ही दोन घरं. अंगण एक, चुली वेगळ्या, आणि दोन बाकांच्या मधे तीन पिढ्यांचा हेवादावा मांडी घालून बसलेला.

"काय म्हणतो तो आक्रावाला पोस्टमास्तर?" मान्सामावशीने विचारलं.

"म्हणतो, ठसे सारखे नाहीत." मामांनी पाकीट चटईवर टाकलं. "मगर वेगळी, पक्षी वेगळा. एका पाकिटावर एकच खूण पाहिजे म्हणे. भिंतीवर नियमांची पाटी आहे, तिच्यावर बोट ठेवून मला वाचून दाखवलं. मला! ज्याच्या बारशाला याच्या बापाला आमंत्रण मिळालं नसतं, त्या मला!"

अराबाची नजर घराच्या भिंतीवरून पलीकडे समुद्रावर होती. आगबोट नांगर टाकून उभी होती. दुपारी टपालाची थैली होडीतून तिच्यावर चढली की ती निघणार, आणि तिच्यानंतरची बोट लंडनला पोचेपर्यंत निकाल लागून गेलेला असणार.

आणि निकाल लागणार होता किनाऱ्याचा. एका परदेशी कंपनीला तिथं धक्का बांधायचा होता, आणि तिथंच अराबाच्या मासे धुरावण्याच्या भट्ट्या होत्या. तिच्या, तिच्या बहिणींच्या, भाच्यांच्या. धाकट्या घराचं सगळं पोट त्या भट्ट्यांवर. इथल्या कोर्टात मामांनी खटला जिंकला होता, म्हणून कंपनी लंडनच्या मोठ्या कोर्टात गेली. तिथं तिचा वकील म्हणाला, किनारा एसी अन्साबा नावाच्या बाईला मिळाला असा कागद असेलही. पण ती यांचीच पणजी कशावरून? त्या किनाऱ्यावर या नावाच्या छप्पन्न बायका होऊन गेल्या. यांना तो कागद कुठंतरी सापडला असेल. तेव्हा आपल्या बाजूच्या वकिलाने कळवलं होतं की नक्कल पुरे झाली, आता अस्सल कागद पाठवा. रजिस्टर टपालाने, विमा उतरवून, लाखेच्या मोहरा लावून. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.

पाठवायला निघाले आणि इथं ही गत झाली. पहिल्यांदा मामांनी लाखेवर शिलिंग दाबलं. राजाचं पोस्ट, राजाचं डोकं, यापुढे कोण जाणार? पण पोस्टमास्तर ओडार्ते यांनी चष्मा सारखा करून सांगितलं, "शिलिंग तुमच्या खिशात आहे, माझ्याही आहे, चोराच्याही. वाटेत कुणी पाकीट फोडून तसलंच शिलिंग पुन्हा दाबलं, तर कळणार कसं? खूण खाजगी पाहिजे. दुसऱ्या कुणाकडे नसलेली."

मग घरी खल झाला. सोनं तोलायची जुनी पितळी वजनं दोन्ही घरांत होती. सोन्याची भुकटी बाजारातून कधीच गेली, वजनं मात्र घराण्याची निशाणी म्हणून राहिली. थोरल्या घराची मगर, धाकट्या घराचा मागे वळून बघणारा पक्षी. ज्याचा ठसा त्याचा कागद, ज्याचा कागद त्याचा किनारा, ही धास्ती दोन्हीकडे होती. म्हणून दोन्ही ठसे लावले. त्यातही मोहरांची संख्या विषम, तेव्हा जास्तीचा एक ठसा कुणाचा, यावरून क्वामेना आणि एकाऊ हातघाईवर आले होते. आणि आता हे.

"मग सगळ्या मोहरा मगरीच्या लावू," एकाऊ म्हणाला. "थोरलं ते थोरलं. यात भांडायचं काय?"

"लावा की," क्वामेना म्हणाला. "आणि थैली पोहत न्या. टपालाच्या होडीचं सुकाणू माझ्या हातात असतं, विसरलास का? लाटांतून थैली काय तुझी कॉलर नेणार आहे?"

"ही धमकी आहे!"

"छे, हवामानाचा अंदाज आहे."

मान्सामावशी फसकन हसली आणि लगेच तोंडावर हात ठेवून गंभीर झाली. मामांनी तिच्याकडे रागाने पाहिलं.

अराबा उठून उभी राहिली. आईच्या वेळेपासून ऐकत आलेलं हे भांडण तिच्या कानांना आता नवं नव्हतं, आणि तिकडे बोट काही त्यासाठी थांबणार नव्हती. "मामा," ती म्हणाली, "लावा मगर. आमचा पक्षी घरी बसेल. त्याला सवय आहे."

"अराबाताई!" क्वामेना ओरडला.

"गप बस. भट्ट्याच गेल्या तर पक्ष्याला काय धुरावून खायचंय?"

मामांचा चेहरा एकदम खुलला. माणसाने इथं थांबावं. पण जिंकणाऱ्याला थांबायचं भान कुठलं? "शहाणी पोर," ते म्हणाले. "आता पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव घालायचं, म्हणजे सगळं सरळ. आणि खटला जिंकला, की त्या भट्ट्या जरा पलीकडे, खडकांकडे हलवू. धुराने माणसाला जीव नकोसा होतो. तिथं नारळ लावू, थोरल्या घराला शोभेल असं काहीतरी करू."

अराबाला आपण ऐकलं ते खरं की काय असं झालं. मग तिला संताप आला. म्हणजे लंडनमधे कंपनी हरली तरी आपण हरणारच. तिचे डोळे भरून आले. पण मामांपुढे रडायचं नाही, असं तिच्या आईने तिला मासा चिरायच्याही आधी शिकवलं होतं.

बोलली ती मान्सामावशी. "दादा, खडकांकडे भट्ट्या?" तिचा आवाज हळू होता, पण एकाऊने घाबरून आईकडे पाहिलं. "तिथं भरतीचं पाणी चढतं. तू लहानपणी तिथंच बुडत होतास, आणि तुला केसाला धरून बाहेर कुणी काढलं? हिच्या आईने."

"तो विषय कुठून आला आता?"

"माझ्या तोंडातून आला. आणि आता त्या पाकिटातून कागद काढ. ठसे बदलायला लाख फोडावी लागणार, आणि तसलं पाकीट कोण घेणार? नवं पाकीट करावंच लागेल. तोवर बोलू."

मामांनी कुरकुरत पाकीट फोडलं. कागद बाहेर आला. घराण्यातल्या बायकांनी त्याचं नाव जन्मभर ऐकलं होतं, पण तो मामांच्या पेटीत असायचा आणि पेटी फक्त पुरुष उघडायचे. समुद्रावरचा वारा अंगणात घुसला तसा जुना कागद फडफडून गुंडाळी व्हायला लागला.

"अराबे, टोक धर त्याचं," मावशी म्हणाली. "बघत काय राहिलीस? चावत नाही तो."

"तिच्या हाताला माशाचं तेल..." एकाऊ म्हणाला.

"धुतलेत," अराबा म्हणाली, आणि खाली बसून तिने खालचं टोक धरलं.

त्या टोकाला लाखेचा जुना डाग होता, काळपट पडलेला. त्यात एक बाकदार ठसा. आतल्या कडेला बारीक दात, एकापुढे एक. आणि मधे एका दाताची जागा रिकामी.

अराबाने ठशावर हलकेच बोट फिरवलं. मग ती हसायला लागली. आधी घशात, मग मोठ्याने, आणि मग डोळ्यांतलं मघाचं पाणीही त्यातच वाहून गेलं.

"वेड लागलं हिला," मामा म्हणाले.

"मामा, हा ठसा कशाचा?"

"गोऱ्या साहेबाचा. त्यांच्याकडचा कसलातरी शिक्का. माझे मामा सांगायचे, सिंहाचा जबडा आहे."

"सिंहाचा! अहो, हा माझ्या भट्टीचा काठ आहे."

कुणाला काही कळेना. क्वामेना मात्र कागदावर वाकला, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "खरंच की," तो म्हणाला. "तो पडका दातसुद्धा!"

धाकट्या घरात नवी भट्टी बांधली, की तिचा काठ ओला असतानाच त्यावर खेकड्याची पितळी नांगी दाबायची. दृष्ट लागू नये म्हणून. अराबाला आईने शिकवलं, आईला तिच्या आईने. ती नांगी नेहमी भट्टीच्या कोनाड्यात राखेच्या डब्यात पडलेली असे. ती घराण्याची निशाणी आहे, असं कधी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. निशाणी म्हणजे पक्षी. नांगी ही आपली भट्टीतली, पळी-चिमट्यासारखी. इकडे बायकांनी कागद पाहिला नव्हता, तिकडे पुरुषांनी भट्टी पाहिली नव्हती. आणि दोन्ही घरं एकमेकांना अडाणी म्हणत आली होती.

"दाखव," मामा म्हणाले. त्यांना ते अजून पटलेलं नव्हतं.

सगळी वरात किनाऱ्यावर निघाली. कागद मामांनी छातीशी धरलेला, वर मावशीने छत्री धरलेली. भट्ट्यांवर बायका मासे उलटत होत्या. कर्त्या पुरुषाला धुरातून येताना पाहून त्या चटकन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मामा इथं कधी फिरकले नव्हते.

अराबाने एका भट्टीच्या काठावरची राख हाताने पुसली. मामा वाकले. मग वाकून दिसेना, म्हणून ते रेशमी वस्त्रासकट वाळूत गुडघ्यांवर बसले. कागद काठाशेजारी धरला. मातीतला बाक आणि लाखेतला बाक, मातीतली फट आणि लाखेतली फट. ते दुसऱ्या भट्टीकडे गेले, तिसरीकडे गेले. धुराने त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. निदान त्यांनी तरी नंतर धुराचंच नाव सांगितलं.

अराबाने राखेच्या डब्यातून नांगी काढून अंगावरच्या वस्त्राला पुसली. मान्सामावशीने ती हातात घेऊन उलटीपालटी केली.

"ही कोरलेली नाही रे," ती म्हणाली. "खऱ्या खेकड्याची आहे. जुने सोनार नांगी मातीत बसवायचे, ती आतल्या आत जाळायचे आणि रिकाम्या जागेत पितळ ओतायचे. एकदाच होते अशी वस्तू. मगरी काय, बाजारात पन्नास मिळतील. असली दुसरी जगात नसणार."

"दुसऱ्या कुणाकडे नसलेली खूण," एकाऊ पुटपुटला. त्याने कॉलरचं बटण काढलं, आणि एकदम ताठ झाला. "मामा, आत जुना ठसा आणि पाकिटावर नवा ठसा, एकाच नांगीचे! एसी अन्साबा यांची कशावरून, असं विचारतात ना? तिची खूण अजून आमच्या हातात आहे म्हणावं. मी वकिलाला दोन ओळी लिहून आत घालतो."

"घाल, घाल!" मामा उठले, वाळू झटकली आणि हात पुढे केला. "आण ती नांगी. आजपासून माझ्या पेटीत राहील. कागदाबरोबर."

अराबाने नांगी मुठीत धरली.

"नाही, मामा."

"नाही?"

"पेटी तुमची, नांगी आमची. कागद तुमच्याकडे राहू दे, मी कधी मागणार नाही. पण नांगी राहील भट्टीत, आणि भट्टी राहील जिथं आहे तिथं. म्हणजे यापुढे या घराण्याचं कुठलंही पाकीट एकट्या कुणाला बंद करता येणार नाही. तुम्हाला आमच्या धुरात यावं लागेल, आम्हाला तुमच्या अंगणात." तिने मूठ आणखी घट्ट केली. "पटत नसेल, तर लावा शिलिंग."

मामांनी एकाऊकडे पाहिलं. एकाऊ नांगीकडे बघत होता. त्यांनी बहिणीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मान्सामावशी म्हणाली. "मी तिच्या बाजूने आहे. तुला केसाला धरून काढलं तेव्हापासून असायला हवं होतं."

समुद्रावर आगबोटीचा भोंगा वाजला. मामांनी छत्री उघडली, डोक्यावर धरली आणि म्हणाले, "मग चला लवकर. उभ्या काय राहिलात? त्या आक्रावाल्याची खिडकी बंद व्हायची."

पोस्टात मोहरा अराबानेच लावल्या. एकाऊने मेणबत्तीवर लाख वितळवली, मामांनी स्वतः पाकीट धरलं, आणि प्रत्येक थेंबावर अराबाने नांगी दाबली. भट्टीच्या काठावर दाबते तशीच, अंगठ्याने जोर देऊन, श्वास रोखून. बाहेर क्वामेना आणि भट्ट्यांवरच्या सगळ्या बायका दाटीवाटीने उभ्या होत्या.

ओडार्तेंनी भिंग घेतलं. एकेक मोहर पाहिली. मग पुन्हा पहिलीपासून पाहिली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"खेकडा," अराबा म्हणाली.

"खाजगी खूण आहे ना?"

"साहेब, इतकी खाजगी, की आम्हालाच आज कळली."

पोस्टमास्तर हसले. ते हसू शकतात, हे गावाला तेव्हा कळलं. त्यांनी रजिस्टर टपालाची खूण म्हणून पाकिटावर निळ्या पेन्सिलीने एक उभी, एक आडवी रेघ ओढली, वजन केलं, तिकिटं लावली आणि पावतीवर टाक टेकवला. "पाठवणाऱ्याचं नाव?"

एकाऊने तोंड उघडलं. कर्त्या पुरुषाचंच नाव जाणार, यात त्याला शंका नव्हती, अराबालाही नव्हती. एवढं मिळालं तेच पुष्कळ, असं म्हणून तिने मान खाली घातली होती.

"अराबा ओतुवा," कोबिनामामा म्हणाले.

टाक थांबला. "घराण्याचे प्रमुख तुम्ही ना?"

"आहे की. म्हणूनच सांगतोय. लिहा."

थैली बंद झाली. क्वामेनाने ती डोक्यावर घेऊन होडीत ठेवली आणि सुकाणूला उभा राहिला. पहिली लाट आली, होडी उभीच्या उभी चढली आणि पलीकडे उतरली. दुसरीला किनाऱ्यावरच्या बायकांनी श्वास रोखला. तिसरी पार झाली तेव्हा जो कल्ला उठला, तो आगबोटीवरच्या खलाशांनीही ऐकला असणार. मान्सामावशी कमरेला वस्त्र खोचून नाचली. एकाऊची कॉलर कुठं गेली, ते त्यालाही सांगता आलं नाही.

लंडनहून उत्तर आलं तेव्हा पावसाळा संपून हेरिंग माशांचा हंगाम ऐन भरात होता. मामा छत्री घेऊन लगबगीने पोस्टात गेले आणि रिकाम्या हाताने परत आले. पण या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ते थेट भट्ट्यांवर आले.

"अराबे, चल. रजिस्टर आहे. ज्याच्या नावाचं, त्याच्याच हातात देणार म्हणे. मी सांगितलं, बरोबर आहे, तुमचा नियम मला माहीत आहे."

ती तशीच निघाली, राखेच्या हातांनी, नांगी मुठीत घेऊन. सही येत नव्हती; तिने साक्षीदारापुढे नांगी शाईत बुडवून पुस्तकात दाबली. एकाऊने पत्र तिथंच, पायरीवर उभं राहून वाचलं. कंपनीचा वकील म्हणाला होता की कागदावरची बाई कोण ते कुणालाच ठाऊक नाही. तेव्हा आपल्या वकिलाने पाकीट पुढे केलं होतं. न्यायमूर्तींनी भिंग मागवलं. बाहेरची लाल लाख, आतली काळी लाख, दोन्हींत तोच दात पडलेला. पुढचं एकाऊला वाचता आलं नाही, कारण मान्सामावशीने त्याला कागदासकट मिठी मारली. पण जिंकलो, एवढं सगळ्या रस्त्याने ऐकलं. अराबा पायरीवर बसली आणि मामांच्या देखत पोटभर रडली.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर नवी भट्टी बांधली, मान्सामावशीसाठी. थोरल्या घराची पहिली भट्टी. माती क्वामेनाने कालवली, काठ बायकांनी लिंपला, आणि अराबाने नांगी मामांच्या हातात दिली.

मामांनी वस्त्र आवरलं, वाळूत गुडघे टेकले आणि मोठ्या ऐटीत ओल्या काठावर ठसा उमटवला. मग मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

अराबा वाकली. शेजारच्या भट्टीचा काठ पाहिला, हा पाहिला, आणि ओल्या बोटाने मामांचा ठसा पुसून टाकला.

"वाकडा आलाय, मामा," ती म्हणाली. "पुन्हा दाबा. ठसे सगळे सारखे पाहिजेत."

मामांनी एकदा पोस्टाच्या दिशेने पाहिलं, आणि निमूटपणे पुन्हा वाकले.